साडेसातची रिंग

हॅलो? … हॅलो, वहिनी? … अगं बाई, उचललास एकदाचा! चौथ्यांदा लावतेय. होतीस कुठं? … कोंबड्यांना दाणे? आठ वाजून गेले, तुझी साडेसातची रिंग नाही, आणि तू कोंबड्यांना दाणे टाकतेस! … ओरडत नाहीये. मी कुठं ओरडतेय?

चपला घालून उभी आहे मी. खरंच. पिशवी खांद्याला. कोल्हारच्या स्टँडवर निघालेच होते, तुझ्याकडे पुणतांब्याला यायची गाडी बघायला. … मग काय करू? बीपीची गोळी घेतली की एक रिंग द्यायची, मी उचलायचा नाही, तू कट करायचा. एवढंच तर ठरलंय ना आपलं? रिंग आली नाही की माझ्यासमोर प्रभुदासदादाच येतो. असाच सकाळी मोरीपाशी पडला होता. आणि तोही म्हणायचा, मला काय धाड भरलीये.

काय? … विसरलीस? परवा मंगळवारीपण विसरलीस. … हो, हो… अगं ऐक ना. रविवारी चर्चला जायच्या गडबडीत बरी आठवली ती? आणि तुझा डॅनी सुप्याहून आलेला, ते दोन दिवस? तेव्हा नाही विसरलीस.

आशाताई आल्या होत्या का? … पट्टा बांधला? … वरचा किती? … किती?! एकशे ऐंशी? आणि हे तू मला आता सांगतेस, कोंबड्या झाल्यावर?

पाकीट आण. आण गं. किती उरल्यात, मोज. … नऊ. नऊ कशा? महिन्याचं पाकीट कालच संपायला हवं होतं. … नाही, आशाताईंनी जास्त दिल्या नसतील, त्यांच्यावर ढकलू नको.

थांब. जरा थांब, बोलू नको. … रिंग आली की मी काय करते? घेतली बाई एकदाची, म्हणते आणि मशीनवर बसते. रिंग नाही आली की फोन लावते. मग आपलं अर्धा अर्धा तास चालतं. … वहिनी? … मुद्दाम विसरतेस?

अगं… रडतेस काय. नाही रागावले. म्हणजे रागावलेच आहे! ‘आराधना, जरा बोल माझ्याशी’, एवढं मला म्हणता येईना तुला? … कसला खोळंबा? लोकांचे ब्लाउज काय पळून जातात? आणि फोन काय आता मिनिटावर असतो?

मी? … माझं काय मधेच. … बरं, सांगते. सात वाजल्यापासून फोन मांडीवर असतो माझ्या. सुईत दोरासुद्धा ओवत नाही. तुझी रिंग वाजते, कट होते. मग रेडिओ लावते. … हो, लई मोठ्याने. शेजारीण भांडून गेली परवा.

तर ऐक. ते कट करणं आजपासून बंद. तू रिंग द्यायची, मी उचलायचा. गोळी माझ्यासमोर घ्यायची… म्हणजे माझ्या कानासमोर गं! … आणि आज आशाताईंना घेऊन दवाखान्यात. एकशे ऐंशीचं डॉक्टर बघतील, तू नाही. … जेवण झाल्यावर नाही, आधी.

आता घे. हो, आत्ता. मी आहे फोनवर. … चहा कशाला, पाणी घे. … हां, पाकीट वाजलं, ऐकू आलं. … खाली पडली? मग उचल की! … सापडली? घाल तोंडात. … वहिनी? … गिळलीस का? … हॅलो? … हॅलो?

गेला. आत्ताच मरायचं होतं का त्या रेंजला…

हॅलो? … हो, अर्ध्या रिंगेतच उचलला. गिळलीस? … नक्की? … बरं. चपला काढते मी.

हां, बोल आता. कोंबड्यांचं काय सांगत होतीस?