एका हाताची गाठ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आपल्या दुकानाचे मालक आणि मालकीणबाई, प्रमुख पाहुणे, वरच्या-खालच्या मजल्यांवरचे माझे सहकारी, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आज दुकान लवकर बंद झालं त्या स्कार्फच्या काउंटरवरच्या आपल्या ताई व त्यांच्या घरची मंडळी,

मी चष्म्याच्या काउंटरवरचा. मला बोलायला उभं करण्याचं कारण एवढंच की, माझं आणि ताईंचं काउंटर एकमेकांना लागून आहे आणि मध्ये एक उभा आरसा आहे. आरसा माझा, गर्दी मात्र त्यांची! माझं गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात डोकावलं की ताई शेजारून म्हणणार, "फ्रेम छानच आहे हो, पण मान आखूड दिसतेय. गळ्याशी गाठ नका मारू, टोकं लांब सोडा." झालं, माणूस तिकडे! रेशमी चौकोनी स्कार्फ तिरका दुमडून गाठ खांद्याकडे घ्यायची. मधोमध आली की माणूस बँडपथकातला वाटतो. जाड लोकरी स्कार्फला नुसता एक वेढा द्यायचा, कारण तो गळा आहे, गाठोडं नाही. ही सगळी विद्या मला बसल्या जागी मिळाली. उपयोग काय झाला म्हणाल, तर माझ्या गळ्याकडे पाहून तुम्हीच ठरवा.

पण आज मला एकच प्रसंग सांगायचा आहे. एका शाळेतल्या गणिताच्या बाई आपल्याकडे नेहमी यायच्या. रोज नव्या पद्धतीचा स्कार्फ. आज उजवीकडे फुलासारखी गाठ, उद्या पदरासारखा पाठीवर सोडलेला. मुली म्हणे फळ्याआधी बाईंचा गळा बघायच्या. मग बाई दिसेनाशा झाल्या. पुढे कधीतरी यजमानांबरोबर आल्या, तेव्हा डावा हात लुळा पडलेला होता. पक्षाघात. आणि गळ्यात स्कार्फ असा, की पोत्याचं तोंड बांधावं.

यजमान म्हणाले, "ताई, गाठ मारून शिवूनच द्या. डोक्यातून घातला की झालं. मी रोज बांधतो, पण हिला काही पसंत पडत नाही."

बाई एवढंच बोलल्या, "अहो, शिवलेला नको. मग शाळेतही नको जायला."

शाळेनं त्यांना परत बोलावलं होतं, हे तेव्हा कळलं. त्या जायला तयार नव्हत्या. अशा अवतारात वर्गासमोर उभी राहणार नाही, म्हणत होत्या. आपल्याला वाटेल, स्कार्फसाठी का कुणी नोकरी सोडतं? पण ज्याचा हात जातो त्याला विचारावं, नेमकं काय काय जातं ते.

ताईंनी काय करावं? स्वतःचा डावा हात स्वेटरच्या आत कोंबला आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. एक टोक दातात धरलं, स्कार्फ ओला झाला. हनुवटीखाली दाबलं, निसटलं. खुर्चीच्या पाठीला अडकवून पाहिलं, तर खुर्चीच गळ्यात येते की काय असं वाटलं! बाई पहिल्यांदा हसल्या. मजल्याचे मॅनेजर दोनदा येऊन गेले. साहेब आज समोरच बसलेत, त्यांनी रागावू नये. "ताई, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबलीत," ते म्हणाले. ताई म्हणाल्या, "साहेब, मला एकच हात आहे, थोडं थांबा."

आणि जमलं. स्कार्फ मांडीवर मधोमध दुमडायचा आणि मानेवर टाकायचा. एका बाजूला दुमडीचा फास येतो, दुसऱ्या बाजूला दोन टोकं. चांगला हात त्या फासात बांगडी चढवावी तसा घालायचा, पलीकडची टोकं बोटांनी पकडायची आणि हात मागे घ्यायचा. टोकं आपसूक फासातून येतात. मग गाठ जरा बाजूला सरकवायची. बाईंनी स्वतः केलं. सोडलं, परत केलं. नंतर बराच वेळ नुसत्या आरशात बघत राहिल्या. मी चष्मे पुसत होतो; पुसलेलेच पुसत होतो.

बाई शाळेत रुजू झाल्या. काही दिवसांनी दोघं पुन्हा आले. बाई झोकात. यजमान मात्र मला हळूच म्हणाले, "आता सकाळी मला कामच राहिलं नाही. वाईट बांधायचो, पण बांधायचो."

ते बाईंनी ऐकलं होतं. त्या वळल्या नाहीत, आरशातूनच म्हणाल्या, "अहो, मागची घडी मला दिसत नाही. ती कोण सारखी करणार?"

यजमान पुढे झाले आणि दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, त्यांनी ती घडी सारखी केली. मला दिसत होतं, घडी आधीच सारखी होती. ताईंनाही दिसत होतं. त्या म्हणाल्या, "हां, आता बरोबर बसली."

ताई, तुमच्या जागेवर उद्या कुणीतरी येईल आणि तेही चांगलं काम करील. तरी आरशाकडे पाहताना काही दिवस मला चुकल्यासारखं होणार, एवढं सांगून ठेवतो. मालकांनी हा समारंभ ठेवला, आपण सर्वांनी घरी जायची वेळ टळून गेली तरी शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल किंवा एखादा शब्द लागला असेल, तर उदार मनानं पोटात घालावा. नमस्कार.