‘नको’च्या फॉर्मवरची सही

हॅलो?… हां अक्षता, बोल… नाही गं, कामात कसली. पोळ्यांच्या डब्यासमोर उभी आहे. पहाटे चार केल्या, दोन गंधालीच्या डब्यात भरल्या. आत्ता झाकण उघडलं, तर चारच्या चार.

काय?… मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती? आणि तुला काय म्हणाली?… पीटीच्या तासाला खाल्लं. बरं.

हो, हो… ऐकतेय.

अगं ऐक ना. डाएट-बिएट काही नाही. माझ्यासाठी ठेवल्या तिने… कारण मी कामाला होते ती नाहूरची लॅब बंद झाली. ऑगस्टमध्ये… हो, तीन महिने घरीच आहे. घरात आम्ही दोघीच, तिच्यापासून लपणार काय?… मैत्रीण आहेस गं, पण तिची वर्गशिक्षिकाही आहेस ना! म्हणून नाही बोलले… शिव्या नंतर दे.

माहितीय. जूनमध्ये शाळेतली खिचडी ‘नको’ म्हणायच्या फॉर्मवर सही मीच केली. तेव्हा पगार होता… नंतर? नंतर रोज ठरवत होते, उद्या शाळेत जाऊन सांगू.

कसली यादी?… थांब, थांब. शाळेचा ट्रस्ट फीसाठीची मदत खिचडीच्या रजिस्टरवरून ठरवणार? खातात ते गरीब, नाही खात त्यांचं बरं चाललंय?… हे माप काढलं कुणी? तुझ्या वर्गातला तो देवव्रत, बापाचे मुलुंडला दोन फ्लॅट, तो तीनदा वाढून घेतो असं तूच सांगतेस!… हसू नकोस. आणि माझी पोरगी रिकामा डबा घेऊन बसते, ती त्यांच्या रजिस्टरात सुखवस्तू.

हो… चिडून काय होणार, खरंय… अकराला जाते यादी? आजच?… साडेदहा झाले की गं.

ती कुठेय?… तुझ्या शेजारी? ऐकू जातंय तिला?… नको, बाहेर नको पाठवूस. असू दे.

खिचडीचा नवा अर्ज आहे समोर? तू भर, सहीला मी पोचते पंधरा मिनिटांत… कारण? तू काय लिहिलंस?… ‘मुलीला आवडते म्हणून’… नाही अक्षता. तुझं मन कळतंय मला, पण नको. खोड ते… खोडलंस?

स्पीकर लाव… लावला?

गंधाली, तूही ऐक… बाई, लिहा. घरी पुरत नाही. गरज आहे. ही आजपासून शाळेत जेवेल.