मोकळी पोरं

संग्राम : मामा, मी चार नावं मागितली होती. तुम्ही तर रुखवत मांडलंय.

गणपती : वाच की गपगुमान. दोन दिस डोकं लावलंय त्यात.

संग्राम : वाचतो. पण पोरगं मोकळं पाहिजे हां. ह्या साली कुठल्याच टीमकडं नाव घातलेलं नको. फुटबॉल असोसिएशननं नावं घालायला उद्या संध्याकाळपर्यंतच मुदत दिलीय.

गणपती : सगळी मोकळीच हाईत. दुसऱ्याची पोरं लिवाय मला काय याड लागलंय? पयलं नाव बघ.

संग्राम : 'घानाचा उंच गडी'. ह्याला नावबिव काय नाही?

गणपती : मला उच्चारता येत न्हाई. इचलकरंजीला स्पर्धेत खेळला नव्हं, त्यो. एका टांगंत अर्धं ग्राउंड.

संग्राम : त्याचा व्हिसा संपला, मामा. दिवाळीतच गेला परत.

गणपती : मग खोड. म्होरं.

संग्राम : राजवीर.

गणपती : डिफेन्सला भिंत हाय, भिंत!

संग्राम : भिंत बिद्रीला साखर कारखान्यात लागलीय. ऐन हंगाम हाय. मी फोन केलता. म्हणाला, रजा मागायला गेलो तर कायमची देतील.

गणपती : ह्या लोकास्नी फुटबॉलची किंमतच न्हाई. खोड. हातकणंगल्याचा प्रसेनजीत?

संग्राम : पोलीस भरतीत निवड झाली त्याची. ट्रेनिंगला गेला. त्याच्या आईनं सगळ्या वस्तीत पेढे वाटले.

गणपती : आसं? मग त्याचं खोडू नको. नुसती रेघ मार. चांगलं पोरगं हाय.

संग्राम : रेघ मारली. खालची चार-पाचबी अशीच अडकलेली. मामा, खरं सांगू? चांगलं खेळणारं पोरगं मोकळं राहतच नाही. मोकळं असलं तर समजायचं, गुडघा तरी गेलाय नाहीतर डोकं तरी.

गणपती : मग काय करायचं? आपली घोडविहीर तालमीची टीम खालच्या गटात गेल्याली बघायची? माझ्या डोळ्यांदेखत? फौंड्रीतनं सुटलो की डबा हातात घेऊन थेट ग्राउंडवर जायाचो मी. कवा घरी आधी आलो न्हाई.

संग्राम : म्हणून तर तुमच्याकडं आलो. अख्ख्या पेठेत कुठलं पोरगं कुठं खेळतंय हे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक नाही. पण मामा, यादीत गोलकीपर कुठाय? मॅचला तीन-तीन गोल खातोय आपण. पहिला तोच लागतोय.

गणपती : ती जागा तू बघ.

संग्राम : तुम्ही एखादं नाव…

गणपती : तू बघ म्हटलं नव्हं! माझा हात चालत न्हाई तितं. यशराजच्या जागंला मी बाप आसून कुणाचं नाव लिवू?

संग्राम : बरं. बघतो मी. राहू दे. आणि हे खाली, शेवटचं?

गणपती : वाचता येत न्हाई व्हय तुला?

संग्राम : येतंय. म्हणून तर विचारतोय.

गणपती : हळू बोल. आत तुझी मामी हाय.

संग्राम : विश्वजित? सोनझेंड्याच्या टीममधला विश्वजित?

गणपती : सोनझेंड्यानं सोडला त्याला. मोकळा हाय.

संग्राम : मामा, त्याचं डोकं लागून आपला यशराज गेला. वर्षसुद्धा झालं नाही अजून.

गणपती : कॉर्नर हुता. एक पोरगं गोल घालाय उडलं, एक अडवाय उडलं. डोक्याला डोकं लागलं.

संग्राम : मला सांगू नका. मी लाइनीवर उभा होतो. स्ट्रेचर मी धरलंय. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं मान हलवली तेव्हा तुम्हाला मी सावरलंय. त्या पोरानं मुद्दाम केलं नाही, हे मलाबी कळतंय. पण पेठेला कोण सांगणार? पेठ पेटेल, मामा. माझ्या राजारामपुरीतल्या दुकानाची काच राहायची नाही.

गणपती : पेठंला मी सांगतो. बाप मी हाय का पेठ?

संग्राम : बरं, ते सोडा. खेळाचं बोलू. सोनझेंड्यानं त्याला का सोडला, ठाऊक हाय? पोरगं हेडला जातच नाही आता. बॉल वरनं आला की डोळे मिटून खाली बसतंय. स्ट्रायकर म्हणून संपला तो. त्याला आणून टीम वाचणार हाय का आपली?

गणपती : न्हाई वाचणार.

संग्राम : मग कशाला लिहिलंय?

गणपती : परवा राजारामपुरीत बघितला त्याला. एका क्लासच्या दारात पार्सल घेऊन उभा हुता. मला बघितलं आन् पार्सल तसंच घेऊन गाडी वळवली. रिक्षावर आदळता आदळता ऱ्हायला. वाळून काटकी झालंय पोरगं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. मग आयतवारी गेलतो त्याच्या घरी.

संग्राम : घरी गेलता? एकटेच?

गणपती : मग काय वरात घेऊन जाऊ? त्याची आई दारातच रडाय लागली. त्याला वाटलं, माराय आलोय. म्होरं येऊन हुबा ऱ्हायला. म्हणाला, मारा काका. म्हटलं, माराय न्हाई रं, खेळाय बोलवाय आलोय. संग्राम, माझं एक गेलं. हे दुसरं जित्तं आसून मरतंय. मला बघवत न्हाई.

संग्राम : काय म्हणाला तो?

गणपती : काकी व्हय म्हणल्या तर येतो. न्हाई म्हणल्या तर जल्मात बॉलला पाय लावणार न्हाई.

संग्राम : आणि मामींना तुम्ही…

गणपती : न्हाई सांगितलं. धीर हुईना. त्यासाठनंच तुला बोलवलाय. तुझं ती ऐकती.

संग्राम : असं व्हय! आणि मी यादी यादी करत पळत आलो. मामा, हे मी कुठल्या तोंडानं काढू मामींपाशी?

आक्काताई : चहा घे, संग्राम. साखर कमी हाय, ह्यांच्यासाठनं केल्याला हाय. आन् ते शेवटचं नाव मोठ्यानं वाच की. कुजबुज कशाला?

(संग्राम यादीवर हात ठेवतो. खालच्या गल्लीतून टमटम जाते.)

आक्काताई : त्याची आई मंडईत भेटलीती मला. भाजीची पिशवी खाली टाकून पाया पडाय वाकली, भर बाजारात. तुमी आयतवारी गेलता ते तिनंच सांगितलं.

गणपती : मग तू बोलली न्हाईस ती?

आक्काताई : तुमी तरी कुठं बोलला?

संग्राम : मामी, तुम्ही नको म्हणा, हे नाव इथंच खोडतो. बाहेर कुणाला कळायचं नाही.

आक्काताई : त्या पोराचा काय दोष न्हाई. मी बघितलंय.

गणपती : तू कुठं बघितलंस? तू घरात हुतीस त्या दिवशी.

आक्काताई : गच्चीवर हुते. चटणीच्या मिरच्या वाळत घातल्या हुत्या. स्टेडियम दोन गल्ल्या सोडून, आरडा येतोय सगळा. त्या दिवशी मोठा आरडा आला आन् मधीच तुटला. समदं गप. तवाच कळलं मला, कोण तरी पडलंय. कोण ते मागनं कळलं. मग ती क्लिप फिराय लागली सगळ्यांच्या मोबाईलवर. मला कुणी दावली न्हाई. आपल्या अक्षताच्या फोनात ऱ्हायलीती. लेक झोपली की बघायचे.

गणपती : कशाला बघितलीस गं?

आक्काताई : आई हाय मी. माझं पोर शेवटचं उडलंय त्यात. त्या पोराची नजर बॉलवर, आपल्याचीबी बॉलवर. आपल्यानं मूठ घातली, बॉल वरनं भाईर गेला. दोघं खाली आलं. एक उठलं. आन् त्यात आवाज हाय. मोबाईलवाल्याच्या शेजारीच कोण तरी आरडतंय, 'वाचला! वाचला!'

गणपती : अगं…

आक्काताई : पोरगं मातीत पडलंय, हात हलंना, पाय हलंना. आन् ह्यो माणूस नाचतोय. वाचला, वाचला. सारखं तेच. मी आवाज वळखला. जल्म गेला त्यो आवाज ऐकण्यात, वळखणार न्हाई व्हय?

गणपती : गोल वाचला म्हणून गं. मला वाटलं, उठंल त्यो. दर येळंला उठायचा. पँट झाडायचा आन् माझ्याकडं बघायचा.

आक्काताई : ठावं हाय मला. गोल वाचला.

संग्राम : मामी, त्यात मामांचं काय चुकलं? आम्ही सगळेच ओरडलो. मीबी ओरडलो.

आक्काताई : चुकलं म्हंतंय कोण? त्या पोराचं चुकलं न्हाई. ह्यांचं चुकलं न्हाई. तुझं न्हाई, डॉक्टरचं न्हाई. कुणाचंच काय चुकलं न्हाई. मग माझं पोर कुठं गेलं, तेवढं सांगा.

संग्राम : खोडतो मामी. चुकलं आमचं.

आक्काताई : खोडू नको. घ्या त्याला. त्याच्या आईला मी सांगते. तिनं तरी का पोर जित्तं आसून रडत बसायचं?

गणपती : मनापासनं म्हंतीस?

आक्काताई : मनाचं इचारू नका. घ्या म्हटलं नव्हं? पण तुमी मॅचला जायाचं न्हाई.

गणपती : काय?

आक्काताई : ऐकलं तेच. त्यो पोरगा आपल्या तालमीची जर्सी घालून उतरला, की तुमचं स्टेडियम बंद.

गणपती : अगं, मी एक मॅच चुकवली न्हाई आजपतूर! हळदीदिवशीबी मॅच बघून आलतो.

आक्काताई : व्हय. आन् पाटावर रिकामी जागा बघत सगळी वऱ्हाडी ताटकळलीती. इसरले न्हाई मी.

गणपती : गप बसीन. कोपऱ्यात बसीन. तोंडातनं शबुद काढणार न्हाई, तुझी शप्पत.

आक्काताई : तुमी आरडशीला. म्होरच्याचा बॉल भाईर जाईल आन् तुमच्या तोंडातनं त्योच शबुद येईल. रगतातच हाय तुमच्या. मला त्यो परत ऐकायचा न्हाई. त्या पोरानं तर न्हाईच न्हाई.

संग्राम : मामा, काय करू? ठेवू का खोडू? मला निघायला पाहिजे. मामा?

गणपती : ठेव.

संग्राम : नक्की?

गणपती : ठेव म्हटलं की! का दोनदा वदवून घेतोस?

संग्राम : ठेवलं. मामी, निदान मोबाईलवर लाइव्ह लावून देऊ का ह्यांना? आवाज बंद करून बघतील.

आक्काताई : मोबाईल नको. माझ्यासंगं गच्चीवर बसतील.

संग्राम : गच्चीवरनं काय दिसतंय, मामी? मधी दोन गल्ल्या, एवढ्या उंच इमारती.

आक्काताई : दिसत न्हाई. ऐकू येतंय. गोल झाला, गोल हुकला, समदं आरड्यावरनं कळतंय. आन् कोण पडलं की आवाज तुटतोय.

गणपती : मग गं?

आक्काताई : मग काय, परत आवाज येस्तवर बसून ऱ्हायाचं. आला, म्हंजे कुणाचं तरी पोर उठलं.