रुळापलीकडच्या विहाराचे मॉडेल

मी, कु. प्रमिला ज्योतीराम ओव्हाळ, वय २२, धंदा शिक्षण, आर्किटेक्चर चौथे वर्ष, राहणार कासारवाडी, स्टेशनजवळ, समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे:

१. काल मंगळवार, दि. १० मार्च १९८१ रोजी संध्याकाळच्या लोकलने मी कॉलेजातून कासारवाडीस उतरले. सोबत कापडाने झाकलेले पुठ्ठ्याचे मॉडेल होते.
२. मॉडेल बाकावर ठेवून तपासनीसास पास दाखवला. वळले तेव्हा बाक रिकामा होता.
३. लगेच चौकीत तक्रार दिली.
४. आज सकाळी हवालदार सोपानराव मोझे यांच्यासह शोध घेता मॉडेल रुळापलीकडच्या मोकळ्या जागेत मिळाले. मोडतोड नाही.

मॉडेल बुद्धविहाराचे आहे. शनिवारी बाहेरचे परीक्षक येतात. मॉडेल समोर नसेल तर स्टुडिओच्या विषयात नापास, आणि त्या एका विषयासाठी पूर्ण वर्ष पुन्हा.

रुळापलीकडच्या वस्तीतल्या चिमाबाई पुण्यात एका कचेरीत झाडलोट करतात व रोज माझ्याच डब्यात असतात. त्यांनी विचारल्यावरून मी हा विहार असल्याचे व जागा रुळापलीकडची असल्याचे सांगितले होते. आमच्या कॉलेजात खरी जागा मोजून तिच्यावर प्रत्यक्षात कधी न होणारी इमारत काढायला देतात. तेवढा खुलासा त्यांनी विचारला नाही, मी केला नाही.

आज जागा झाडून सडा टाकलेला होता. पांढऱ्या कापडावर मॉडेल, दार पूर्वेला. वस्तीतली माणसे चपला लांब काढून बसली होती.

छताला मी एक फट ठेवली आहे. स्टुडिओत ट्यूबलाइट असते, लोकलमध्ये वर कापड, त्यामुळे मॉडेल कधी उन्हात आले नव्हते. ऊन त्या फटीतून आत जाऊन चौथऱ्यावर पडले होते. मूर्ती मी केलेली नाही. सगळे त्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहत होते. उन्हाचा कोन मीच काढलेला आहे. तो बरोबर आला. बरोबर येणे असे दिसते हे मला माहीत नव्हते. मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही.

हवालदार म्हणाले, "मुद्देमाल उचला."

चिमाबाई म्हणाल्या, "उचला की. पर आदी बूट काडा, सायेब."

"बाई, मी ड्युटीवर हाय."

"मंग आमी काय सुट्टीवर हाय व्हय? खाडा करून बसलोय."

हवालदारांनी बूट काढले. नाड्या सुटेपर्यंत कोणी हसले नाही.

मग त्या मला म्हणाल्या, "पोरी, तूच बोललीस, हितं व्हनार. बाकावर ऱ्हायलं व्हतं, म्या हितं आनलं. जागा चुकली का?"

मी "नाही" म्हणाले.

चिमाबाई सकाळपासून चौकीत बसून आहेत. मॉडेल मी स्वखुशीने दिले होते असे लिहून दिल्यास प्रकरण मिटेल, असे मला सुचवण्यात आले. तसे मी लिहिणार नाही, कारण मी ते दिले नव्हते. त्यांनी चोरलेही नाही. कालची तक्रार मी मागे घेते.

हा मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे. सहीपूर्वी माझ्या सांगण्यावरून पुढचे घातले:

मॉडेल शनिवारी परीक्षकांपुढे लागेल. रविवारी मी ते रुळापलीकडे नेऊन ठेवणार आहे, तसे चिमाबाईंना सांगितले आहे. सध्या ते मुद्देमाल म्हणून चौकीत जमा आहे; माझ्या ताब्यात केव्हा मिळेल, हे शुक्रवार, दि. १३ पर्यंत लेखी कळवावे.