परवानगी न मागितल्याने पिवळी मोनोरेल तळ्यावर उभी राहिल्याबाबत

नाव: ओळखपत्र पाहून पहिल्या पानावर घेतले आहे. कामावर सर्वजण 'पिवळीवाले मामा' म्हणतात.
वय: ५५ वर्षे. धंदा: नोकरी, मोनोरेल चालक (पिवळी गाडी). राहणार: मनोरंजन पार्कच्या मागच्या फाटकाजवळची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी न बोलावता आणि कोणाच्याही दडपणाशिवाय सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. मला एकच मुलगी आहे. ती याच पार्कात मोनोरेलच्या फलाट क्रमांक दोनवर काम करते. गेल्या वर्षी तिचे लग्न झाले. तिचे सासरे हे मोनोरेलच्या नियंत्रण कक्षात नियंत्रक आहेत, म्हणजे ते माझे व्याही लागतात. आज दुपारी गाडीची वीज तोडून अडतीस प्रवाशांचा जीव धोक्यात घातला, अशी तक्रार माझ्या मुलीविरुद्ध आली आहे. त्याबाबत हा जबाब आहे.

मोनोरेल चालते कशी ते आधी सांगा, असे साहेबांनी म्हटल्यावरून सांगतो. आमची गाडी एकाच रुळावर चालते. रूळ म्हणजे खांबांवर टाकलेला काँक्रीटचा लांब बीम, जमिनीपासून बावीस फूट उंच. घोड्यावर मांड टाकावी तशी गाडी त्यावर बसते. वजन पेलणारी रबरी चाके वरून फिरतात आणि लहान आडवी चाके बीमला दोन्ही अंगांनी धरून ठेवतात, त्यामुळे गाडी पडत नाही. पडत कशी नाही, हा प्रश्न मला रोज चाळीस वेळा विचारला जातो. साहेबांनीही विचारला. वीज बीमच्या कडेने गेलेल्या पट्टीतून मिळते. हँडल तळहाताने सतत दाबून धरावे लागते. हात सुटला की गाडी आपोआप थांबते, म्हणून चालकाला शिंकसुद्धा बेताने द्यावी लागते.

संपूर्ण फेरीचे नऊ भाग केलेले आहेत. त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असेल तर सिग्नल लाल होतो. कधी यंत्रणा चुकते आणि ब्लॉक रिकामा असूनही लाल दाखवते. अशा वेळी चालकाने पुढे नजर टाकून वायरलेसवर सांगायचे, 'पुढचा ब्लॉक रिकामा दिसतो आहे, परवानगी द्यावी.' मग नियंत्रक परवानगी देतो. चालकाने मागितल्याशिवाय नियंत्रकाला परवानगी देता येत नाही, कारण ब्लॉक रिकामा आहे हे त्याला खोलीत बसून दिसत नाही. हा नियम चांगला आहे. माझा नियमाशी वाद नाही.

व्याही आणि मी सतरा वर्षे एकत्र काम करतो. त्यातली पहिली पंधरा वर्षे आमचे अरे-तुरे होते. दुपारी चारला दोघे फलाट दोनच्या जिन्याखाली बसून चहा घ्यायचो. लग्न ठरल्यावर बायकांनी सांगितले, आता व्याही झालात, अहो-जाहो करा. आम्ही केले, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू झाला. अरे म्हणणारा माणूस काही बोलला तर त्याला तिथल्या तिथे दोन शब्द सुनावता येतात. अहो म्हणणाऱ्याला काय सुनावणार?

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या घरी जेवायला चौदा माणसे होती. सर्वांसमोर ते म्हणाले, "आमचे व्याही गाडी फलाटावरच्या खुणेच्या दीड फूट पुढे नेतात. मग मागे घ्यायची परवानगी मागतात माझ्याकडे." सगळे हसले. माझी पत्नीही हसली. मी म्हणालो, "यापुढे तुमच्याकडे काहीही मागणार नाही." त्या वेळी मला पाणी हवे होते. तेही मी मागितले नाही आणि तहानलेला घरी आलो.

त्यानंतर चार महिने मी एकदाही खूण चुकवली नाही. रागाच्या भरात माणूस काम फार नीट करतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. कामापुरते बोलणे चालू होते. "पिवळी, फलाट एक सोडली." "समजले." दिवसातून शंभरदा बोलायचो, पण बोलत नव्हतो. मुलगी तिकडे सासऱ्यांना समजवायची, इकडे येऊन मला. दोघांनीही तिला, तू लहान आहेस, असे सांगितले. ती अठ्ठावीस वर्षांची आहे.

आज रविवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी मी चार डबे आणि अडतीस प्रवासी घेऊन तळ्यावर आलो असता ब्लॉक सहाचा सिग्नल लाल दिसला. मी गाडी थांबवली. पुढे आमची दुसरी, निळी गाडी नव्हती. सेन्सरवर चकचकीत कागदाचा, माशाच्या आकाराचा एक फुगा अडकलेला मला स्पष्ट दिसत होता. तिथे गाडी उभी आहे असे यंत्रणेला वाटत होते. म्हणजे परवानगी मागितली असती तर गाडी दोन मिनिटांत निघाली असती.

मी मागितली नाही. मी ११.४४ ला एवढेच कळवले, "पिवळी, ब्लॉक सहाचा सिग्नल लाल, उभी आहे." तिकडून उत्तर आले, "समजले." नियमाप्रमाणे दर पाच मिनिटांनी कळवायचे असते. मी एकूण नऊ वेळा 'पिवळी उभी आहे' असे कळवले आणि नऊ वेळा मला 'समजले' असे कळवण्यात आले. आणखी काही हवे आहे का, असे विचारायला नियमाची आडकाठी नव्हती. ते त्यांनी विचारले नाही. मला वाटले, बघू किती ताणतात. त्यांनाही तेच वाटत असणार. मधल्या काळात मी प्रवाशांना तीन वेळा 'गाडी थोड्याच वेळात सुटेल' असे सांगितले. ते खोटे होते.

फलाट दोन तिथून दोनशे फुटांवर आहे. मुलगी कठड्यापाशी उभी राहून गाडीकडे पाहत होती. तिच्याकडे वायरलेस असतो, पण चालकाच्या वतीने परवानगी मागायचा अधिकार फलाटाला नाही. १२.२६ ला ती म्हणाली, "फलाट दोन. बाबा, पप्पा, बोला ना आता कोणीतरी." बाबा म्हणजे मी, पप्पा म्हणजे तिचे सासरे. व्याह्यांनी उत्तर दिले, "फलाट दोन, चॅनेलवर खासगी बोलू नये." मीही त्याला दुजोरा दिला. चार महिन्यांत आमचे दोघांचे एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

१२.२८ ला वीज गेली. फलाटावरचे लाल बटण मुलीने दाबले होते. एअर कंडिशनर बंद पडला, डबे तापू लागले. वीज गेल्यावर नियंत्रकानेच आधी चालकाला बोलवून प्रवाशांची विचारपूस करायची असते, असा नियम आहे. हा नियम मला माहीत होता. तो असा वापरता येतो, हे मात्र माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यात आले नव्हते.

१२.२९ ला व्याही म्हणाले, "पिवळी, प्रवासी सगळे ठीक आहेत का?" मी म्हणालो, "ठीक आहेत." मग ते म्हणाले, "आणि तुम्ही?" हा प्रश्न नियमावलीत नाही. मी म्हणालो, "मला काय धाड भरली आहे!" त्यावर ते म्हणाले, "एक परवानगी मागताना जीभ झडली असती का?" तिथून पुढे आमचे जोरात वाजले. मी म्हणालो, गाडी दीड फूट नाही, सव्वा फूट पुढे जायची, आणि तीही बीम ओला असतानाच. ते म्हणाले, चौदा माणसांत गंमत केली तर माणूस चार महिने रुसून बसतो का? बाकीचे नियंत्रण कक्षातल्या टेपवर आहे. ते टंकलिखित करू नये अशी विनंती केली, ती हवालदारांनी लिहून घेतली आहे.

एक गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात राहिली नाही. वीज गेल्यावर गाडी बॅटरीवर जाते आणि प्रवाशांना सूचना मिळाव्यात म्हणून चालकाचा वायरलेस सर्व डब्यांतल्या स्पीकरला आपोआप जोडला जातो. दुसऱ्या डब्यातल्या एका बाई, ज्या निवृत्त मुख्याध्यापिका असून सदर तक्रारदार आहेत, त्यांनी चालकाशी बोलण्याचे बटण दाबले आणि म्हणाल्या, "दोघांनीही आवाज खाली आणा. या डब्यात मुलं बसली आहेत." आम्ही दोघेही एकदमच म्हणालो, "हो बाई."

बाईंनी विचारले, खोडी कोणी काढली? मी म्हणालो, त्यांनी. बाईंनी विचारले, गाडी कोणी अडवून ठेवली? चौथ्या डब्यातून कोणीतरी ओरडले, "ड्रायव्हरनं!" बाई म्हणाल्या, "त्यांना स्वतःला सांगू द्या." मी सांगितले, मी अडवून ठेवली.

त्यानंतर मी व्याह्यांना म्हणालो, "चार महिने मी चहा एकटाच घेतो. गोड लागत नाही." यावर ते म्हणाले, "अरे, मी तर सोडलाच." अरे म्हणाले.

१२.४१ ला मी रीतसर म्हणालो, "पुढचा ब्लॉक रिकामा दिसतो आहे, परवानगी द्यावी." त्यांनी ताबडतोब दिली. डब्यांतून टाळ्या झाल्या. परंतु वीज नव्हती. एकदा तोडलेली वीज बीमची पूर्ण तपासणी केल्याखेरीज जोडता येत नाही, आणि तपासणी करणारा तंत्रज्ञ खालून चालत, तळ्यावर होडीने, वर पाहत नऊ ब्लॉक फिरतो. त्याने फुगा काढला. १.२४ ला वीज आली. १.३१ ला मी फलाट दोनवर पोहोचलो. त्या वेळी गाडी खुणेच्या पुढे गेली. मी मागे घ्यायची परवानगी मागितली. व्याही म्हणाले, "सव्वा फूट मागे घ्यावी."

फलाटावर पार्कचे व्यवस्थापक आणि पोलीस होते. तापलेल्या डब्यांत मुलांना तासभर बसावे लागले ते वीज तोडल्यामुळे, म्हणून बाईंनी वीज तोडणाऱ्याविरुद्ध तक्रार दिली. मुलीला कामावरून थांबवण्यात आले. पुढच्या महिन्यात ती फलाटप्रमुख होणार होती. तिला ठाण्यात आणले, तेव्हा तिने स्वतःच्या बचावाचे काहीही सांगितले नाही, असे साहेबांकडून समजते. घरातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत, हे मीच तिला लहानपणी शिकवले. वाईट शिकवले.

म्हणून मी सांगतो की, फलाट कर्मचाऱ्यांच्या नियमावलीत असे आहे: चालकाचे किंवा नियंत्रकाचे वर्तन संशयास्पद वाटल्यास कर्मचाऱ्याने कोणालाही न विचारता वीज तोडावी. माझे वर्तन संशयास्पद होते. धडधाकट शरीर, चालू वायरलेस आणि समोर रिकामा ब्लॉक असताना मी पंचेचाळीस मिनिटे अडतीस माणसे बावीस फुटांवर थांबवून धरली. हँडलवर असा माणूस बसलेला दिसल्यावर बटण न दाबणे हाच गुन्हा ठरला असता. ती माझी मुलगी आहे म्हणून मी असे सांगत नाही. तिच्या जागी कोणीही असते तरी माझे वर्तन एवढेच संशयास्पद होते.

शेजारच्या खोलीत व्याह्यांचा जबाब चालू आहे. सर्व दोष आपला आहे असे ते सांगत असल्याचे भिंतीतून ऐकू येते. ते खरे नाही. मागितल्याशिवाय त्यांना परवानगी देता येत नव्हती. ते नियमाप्रमाणे वागले आणि मी हट्टाने. त्यांनी माझ्यासाठी खोटे बोलू नये असे त्यांना सांगावे. मी भिंतीवर ठोकून सांगितले, पण ते ऐकत नाहीत.

या जबाबामुळे माझा चालक परवाना जाईल याची मला कल्पना आहे. सेवेची तीन वर्षे शिल्लक आहेत. एकोणीस वर्षे मी ती गाडी चालवली, हेही लिहावे. तरीही मुलीचे नाव तक्रारीतून काढून त्या जागी माझे घालावे, असे मी साहेबांकडे मागतो. तिला कामावर परत घ्यावे, असे पार्कच्या व्यवस्थापकांकडे मागतो. तक्रारदार बाईंकडे माफी मागतो. आणखी कोणाकडे काही मागायचे राहिले असल्यास तेही मागायला तयार आहे.

मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. दुपारपासून ती माझ्याशीही बोललेली नाही आणि सासऱ्यांशीही नाही. आम्ही आधी वेगवेगळे जाऊन आणि नंतर दोघे मिळून जाऊन तिची माफी मागितली. तिने तोंड फिरवले. याबाबत माझी तिच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, एक शब्दही जास्त नाही आणि कमी नाही. वाचन चालू असताना दार उघडे होते, त्यामुळे तो बाहेर बाकापर्यंत ऐकू गेला असावा, कारण शेवटच्या पानाला मुलगी आत आली आणि सही करायला तिने स्वतःचे पेन मला दिले. ते घेऊन मी खाली सही केली आहे.