सुरवसे साहेबांची राहिलेली सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या पतसंस्थेचे चेअरमन कोंडीराम अण्णा, आज सेवानिवृत्त होणारे शाखाधिकारी रणधीर सुरवसे साहेब, व्यासपीठावरचं संचालक मंडळ, आणि अणदूर-बेंबळीहून नळदुर्गपर्यंत आलेल्या सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी ताहेराबी शेख. बसस्टँडमागं माझी मसाल्याची गिरणी आहे. अकरा वर्षांत एक हप्ता चुकवला नाही, म्हणून ‘आदर्श कर्जदार’ या नात्यानं मला इथं उभं केलंय. साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला, असा निरोप आला. त्यातला एक मनापासून बोलते. घर बांधायला मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा साहेबांनी स्वतः येऊन जागा बघितली आणि कर्ज दिलं. ते मी विसरले नाही. बाकीचे तीन शब्द लई शोधले, सापडले नाहीत.

हायवे मोठा झाला आणि माझ्या घराची किंमत आता पन्नास लाखांवर गेली. कर्ज उरलंय सहा लाख. मग एवढं मोठं घर तारण असताना माझं व्याज चौदा टक्के कशापायी? आपल्याच दारातल्या फलकावर नव्या कर्जदाराला दहा टक्के लिहिलंय की! मी आधी साहेबांकडंच गेले. म्हणलं, मलाही दहा करा. साहेब हसले. “ताहेराबी, तो दर नव्या लोकांसाठी. तुम्ही तर घरच्या.” अण्णा, घरच्या माणसाला जास्त व्याज, हा कुठला न्याय?

मग धाराशिव, सोलापूर करत मी चार बँका फिरले. एक बँक साडेआठ टक्क्यांनी तयार झाली. ती तुमचं कर्ज एकरकमी फेडणार होती, वर घराच्या किमतीवर माझ्या लेकीच्या, युसराच्या नर्सिंगसाठी पैसे देणार होती. त्यांना हवा होता एकच कागद. बाकी किती आणि घराची कुठली कागदपत्रं इथं ठेवलीत, याचा दाखला. त्यावर साहेबांची सही.

मे महिन्यात अर्ज दिला. साहेब मीटिंगला गेलेत. ऑडिट चाललंय. शिक्का सापडत नाही. एके दिवशी मात्र साहेब खरं बोलले, “तुमच्यासारखी खाती गेली तर थकबाकीदारांवर संस्था चालवू काय?” टाळ्या नका वाजवू, मला संपवू द्या. बँकेची मुदत सप्टेंबरात संपली आणि युसराची सीट गेली. जिच्या मैत्रिणी कॉलेजात बसल्यात, ती पोरगी माझ्या गिरणीत मिरच्या निवडते. मला रोज तिच्याकडं बघवत नाही.

बँकेनं पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी पुन्हा मुदत दिलीय. ती उद्या संपते. उद्या नवे साहेब येणार, आणि तेही म्हणणार, फाईल बघतो.

अण्णा, बसा. माईक बंद करू नका, पाच मिनिटं मलाच दिलीत. सुरवसे साहेब, दाखला टाइप करून तुमच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवलाय. आकडा तुमच्याच क्लार्कनं तपासलाय. मघाशी मला बक्षीस दिलेलं पेनही तिथंच आहे. तुमची सही झाल्याशिवाय मी खाली उतरणार न्हाय.

…बघा की, सगळे तुमच्याकडंच बघतायत.

…हां. खाली तारीख घाला. आजचीच. शिक्का सापडला का? सापडला वाटतं. युसरा, वर ये बेटा, कागद घे.

मंडळी, एवढंच काम होतं. त्याला सात महिने आणि माझ्या लेकीचं एक वर्ष लागलं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची मी आभारी आहे. बोलणं संपवताना चुकलं-माकलं माफ करा, असं म्हणायची रीत आहे. माझं काही चुकलेलं नाही. ज्यांचं चुकलं ते हार घालून बसलेत, आणि माझी पोरगी त्यांच्यासमोर उभी आहे. साहेब, हा घ्या माईक.