रक्ताच्या नात्यात

माझ्या शेजारी बसून मायलेकी ऑपरेशनआधीचा फॉर्म भरत होत्या.

“आई, रक्ताच्या नात्यात कुणाला व्यसन आहे किंवा होतं का, असं विचारलंय.”

“नाही लिही.”

“आणि मामा?”

“त्याला कसलं व्यसन? पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्या होत्या त्या.”

“त्याच गोळ्यांपायी गेला ना तो? मलाही त्याच देणार आहेत. हे रक्तातून येऊ शकतं, म्हणून विचारतात.”

“माझ्या माहेरच्या रक्ताला नावं ठेवू नकोस. आमचे अण्णा जन्मभर अफू घ्यायचे, पण खोकल्यासाठी.”

“आजोबासुद्धा? मग मामाच्या वेळी हे कुणीच सांगितलं नाही?”

“हळू बोल. त्याचा फॉर्म मीच भरला होता. दे इकडे, तुझाही भरते.”